जिभेवरची गोळी

साहेब, धर्माचा लोळागोळा तुम्ही केलात. त्याच्या बायकोनं नाही, देवानं नाही, पावसानं तर मुळीच नाही. पाऊस आमच्या गास गावावर दरसाल पडतो आणि दरसाल ओहळातून खाडीला जातो. ओहळ तुम्ही बुजवलात. गोळी तुम्ही भरवलीत. आणि वर गावभर सांगत फिरलात की म्हातारीनं औषधांचा घोळ घातला. फार बोलून झालं तुमचं. आता जरा ऐकून घ्या.

धर्माची वाडी गासच्या खालच्या अंगाला. बांधाला केळी, मध्ये पानवेल, आणि वेलीच्या कडेकडेनं माठ, पालक, चवळी अशी घरापुरती पालेभाजी. साठी उलटली तरी सकाळी अंगठ्याच्या नखानं पानं खुडायला धर्माच पुढे. खुडताना एक पान तोंडात जायचंच. दात, जीभ, ओठ बारा महिने लाल. देवळात गेला तरी लाल, मयताला गेला तरी लाल.

मागं त्याच्या हृदयाची झडप खराब झाली. मुंबईच्या सरकारी इस्पितळात छाती उघडून धातूची झडप बसवली. जवळ बसलं की तिची टिकटिक ऐकू यायची. त्याची बायको हंसा म्हणायची, "घड्याळ घेऊन निजते मी. त्याचा ठोका चुकला तर माझी झोप उडते."

धातूच्या झडपेला रक्ताची गुठळी धरते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्माची मागं लागली. घरात तिचं नाव 'पातळची गोळी'. इस्पितळातल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं हंसाला समोर बसवून सांगितलं होतं, "पालेभाजीनं रक्त घट्ट होतं, या गोळीनं पातळ. भाजी सोडायची नाही, वाढवायचीही नाही. रोज खाता तेवढीच खायची. त्या भाजीवर गोळी बेतलीय. आणि दुसरी कुठलीही गोळी, साधी डोकेदुखीची असली तरी, विचारल्याशिवाय द्यायची नाही."

हंसाला ते लगेच कळलं. पानवेलीचंही तसंच असतं. पाणी जास्त झालं की मूळ कुजतं, कमी झालं की पान आकसतं. वेलीला बदल सोसत नाही.

तिनं गोळ्यांची घरातच लावण केली. ज्या वेळी जी वस्तू हाताला लागते, त्या वस्तूपाशी त्या वेळची गोळी. उपाशीपोटीची गोळी मशेरीच्या डबीशेजारी. लघवीची गोळी चहाच्या कपात, कारण ती घेतल्यावर धर्माला वाडीत लांब जाता येत नसे. साखरेची गोळी ताटाखाली, घास उचलायच्या आधी घ्यायची. दुपारची गोळी वाटीत, चर्चची घंटा झाली की द्यायची. पातळची गोळी देव्हाऱ्यात, दिवा लावताना. सून खुशी चंदनसारच्या फ्लॅटात वाढलेली. ती हसायची. "मम्मी, घर आहे की मेडिकल? उद्या देवाला गोळी आणि पप्पांना नैवेद्य देशील."

"देवाला गोळी चुकली तर चालते," हंसा म्हणायची.

तिची एकही गोळी चुकली नाही. रक्त तपासायला नेलं की डॉक्टर कागद बघून मान डोलवायचा आणि पुढच्याला आत घ्यायचा. हंसाला तेवढं पुरायचं.

मग ते पाणी आलं. साहेबांनी खालच्या अंगाची जमीन घेऊन गाळे बांधायला काढले होते. डंपरनं माती टाकून जागा उंच केली आणि ओहळ त्या मातीखाली गेला. पाण्याला वाट उरली नाही, म्हणून ते धर्माच्या वाडीत येऊन बसलं. ओसरेल ओसरेल म्हणता घरात शिरलं. मुलगा प्रितेश आणि खुशीनं सामान पोटमाळ्यावर चढवलं. हंसानं मात्र गोळ्या कुणाच्या हाती दिल्या नाहीत. मशेरीची डबी, कप, ताट, देव्हारा, सगळं तिनं स्वतः वर नेलं आणि माळ्यावर त्याच क्रमानं मांडलं.

धर्मा मांडीभर पाण्यात उभा राहून वेली सावरत होता. आडवी पडलेली वेल उचलायची, कांबीला टेकवायची आणि केळीच्या सोपटानं बांधायची. सोपटाचे ओले धागे दातात धरलेले. हंसा मागून वेल धरायची.

"बाहेर या. पाय बघा कसे झालेत."

"मी बाहेर आलो तर वेल जाईल."

"गेली तर गेली."

"तुला काय बोलायला," दातातला धागा न सोडताच तो म्हणाला.

वेलीचा अर्धा भाग वाचला. पालेभाजी मात्र सगळी कुजली. चिखलात माठाचा काळा रस्सा झाला. जेवणात बटाटा, डाळ, सुके बोंबील. हंसाच्या जिवाला तेच लागलं.

"प्रितेश, कुठून तरी भाजी आण. ह्यांच्या पोटात पाला नाय आनि गोळी तेवढीच जाते."

"अगं मम्मी, नालासोपारा पूर्ण ठप्प आहे. रिक्षा नाही, काही नाही. चार दिवस भाजी नाही खाल्ली तर काय माणूस मरतो?"

"इस्पितळात फोन लाव."

त्यानं लावला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

पाणी उतरायला लागलं तसं धर्माच्या पायांच्या बोटांमधलं कातडं पांढरं होऊन सुटलं आणि अंगात ताप भरला. त्याच दिवशी शाळेत साहेबांच्या ट्रस्टचं आरोग्य शिबिर लागलं. मोफत तपासणी, मोफत औषध. ओहळ बुजवणारा माणूस दारात उभा राहून बिस्किटांचे पुडे वाटत होता.

रांग मोठी होती. टेबलामागं तरुण डॉक्टरीण, उन्नती मॅडम. हंसानं इस्पितळाची फाइल प्लास्टिकच्या पिशवीतून काढली. "मॅडम, ह्यांची झडप बदललीय. पातळची गोळी चालू हाय. हे बघा आधी."

मॅडमनं फाइल हातात घेतली. पहिलं पान उलटलं तेवढ्यात साहेब फोटोवाल्याला घेऊन आले.

"मॅडम, आधी फोटो. मग वाचत बसा. काका, तुम्ही छान दिसता, या इकडे." टेबलावरच्या ट्रेमधून त्यांनी सुट्टी गोळी उचलली. "तोंड उघडा."

धर्मानं तोंड उघडलं. आतली लाली बघून फोटोवाला हसला. "साहेब, काका डॉक्टरकडं पण पान खाऊनच येतात."

"अहो, पानवाल्याचं तोंड आहे," साहेब म्हणाले आणि रांगेतली माणसंही हसली. साहेबांनी धर्माच्या जिभेवर गोळी ठेवली, हात तसाच धरून ठेवला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. धर्मा पांढरी गोळी जिभेवर घेऊन, तोंड वासून, फोटो निघेपर्यंत उभा राहिला. पाण्यानं कुजलेल्या पायांवर.

"ओ साहेब," हंसा पुढे झाली, "विचारल्याशिवाय दुसरी गोळी द्यायची नाय ह्यांना."

"आजी, अख्ख्या गावाला हीच गोळी दिलीय. कोण मेलं का?"

मॅडमची मान खाली गेली. फाइल मिटून परत आली. सोबत तशाच सुट्ट्या गोळ्यांची कागदी पुडी. नाव नाही, पाकीट नाही. "तीन वेळा, जेवल्यावर," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

हंसाला ती पुडी चुलीत टाकायची होती. पण पायांची आग होऊन धर्मा रात्र रात्र कण्हत होता. पहिल्या गोळीनंच त्याला आराम वाटला. तो म्हणाला, "डॉक्टर हाय ना ती? की तूच डॉक्टर?" पुडी संपली तेव्हा पाय सुकले होते.

आणि त्याच दिवसांत त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. कुणाला दिसलं नाही. दिसणार कसं? त्याची थुंकी जन्मभर लाल. अंगणात तुळशीजवळ लाल पिंक पडली तेव्हा हंसा उलट त्याच्यावरच ओरडली, "बाहेर थुंका की." तो म्हणाला, "आज पान नाय खाल्लं गं." ती म्हणाली, "मग काय कुंकू खाल्लं?" दोघंही हसले. पान खाणाऱ्याच्या घरात रक्त असं लपतं. शहरातल्या पांढऱ्या दातांच्या माणसाचं ते पहिल्याच दिवशी पकडलं गेलं असतं.

खुशीनं पकडलं. सकाळी अंथरुणं काढताना ती उशीचा अभ्रा घेऊन आली. "मम्मी, हे पानाचं नाही. पान पाण्यात पिवळट सुटतं. हे बघ, तपकिरी झालंय." हंसा अभ्रा टाकून वाडीकडे पळाली.

धर्मा वेलीच्या दोन ओळींमध्ये चिखलात पालथा पडला होता. तोंडात सोपटाचा धागा तसाच. अर्धी बांधलेली वेल त्याच्या पाठीवर.

फर्डिनंडनं टेम्पो काढला. फर्डिनंड शेजारच्या आळीतला, वाडीचा माल बाजाराला नेणारा. पानांच्या करंड्या उतरवून तिथं धर्माला निजवलं. मोठ्या इस्पितळात डोक्याचा फोटो काढला. आत रक्त साकळलेलं. तिथला डॉक्टर बाहेर आला. "गोळ्या कोण देतं यांना?"

"मी."

"शिक्षण किती?"

"चौथी."

त्यानं मग हंसाकडे बघितलंच नाही. प्रितेशशी बोलला. "रक्त भयंकर पातळ झालंय. डबल डोस गेला असेल, नाहीतर वर दुसरी गोळी घेतली असेल. काही गोळ्या या गोळीवर चालत नाहीत. कुठली घेतली? नाव हवं मला."

"शिबिराची," हंसा म्हणाली.

"बाई, नाव विचारतोय."

प्रितेशनं तिथूनच साहेबांच्या माणसाला फोन केला. उत्तर आलं की आम्ही काही दिलं नाही, झाली तर व्हिटॅमिनची असेल. दुसऱ्यांदा लावला तेव्हा उत्तर आलं की धर्मा नावाचा माणूस शिबिराला आलाच नव्हता.

धर्मा जगला. जगला म्हणजे श्वास उरला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, गिळणं गेलं. टिकटिक तेवढी चालू होती. आणि गावात बातमी त्याच्या आधी पोचली होती. साहेब कुणाच्या तरी बारशाला जेवता जेवता म्हणाले होते की पुरात सामान वरखाली करताना बिचाऱ्या म्हातारीनं गोळ्यांची मिसळ केली, आता आपलं पाप दुसऱ्यावर टाकतेय. बिचारी म्हणाले. तो शब्द हंसाच्या टाळूला चिकटला.

एका दुपारी प्रितेश तिच्यासमोर उकिडवा बसला. "मम्मी, मी रागावणार नाही. खरं सांग. माळ्यावर अंधार होता. दोनदा दिली गेली असेल का पातळची?"

हंसा खलबत्त्यात गोळी कुटत होती. आता धर्माला गोळी कुटून वेलची केळ्यात कालवून भरवावी लागायची. हात न थांबवता ती म्हणाली, "तुला जेवायला दोनदा वाढलं का मी कधी?"

"तसं नाही..."

"ऊठ. माझ्यासमोर बसू नको."

तो उठला. त्या दिवसापासून तिनं मुलाला ताट वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही.

गोळ्या आता दुप्पट झाल्या होत्या. फिटची एक नवी, पोटाची एक, रक्तदाबाची आणखी एक. थांबवलेली पातळची पुन्हा सुरू, कारण झडप कुणाची वाट बघत नाही. फिटची गोळी पातळच्या गोळीचा जोर खाते, म्हणून सारखं रक्त काढायचं. एक दुधावर चालत नाही. एक कुटायची नाही, ती आख्खीच गिळवायची, आणि नेमकं त्याला गिळताच येत नाही. हंसा त्याचा जबडा धरायची, घसा वरून खाली चोळायची, आणि चोळता चोळता मनात साहेबांचा जबडा धरायची. त्यांना त्याच पाण्यात उभं करायची. त्यांच्या पायाचं कातडं पांढरं होईतो, त्यांचे ओठ सैल पडून लाळ गळेतो उभं ठेवायची. मग हात धुवायची आणि पुढची वाटी घ्यायची. तिला त्याची लाज वाटत नव्हती. उलट बरं वाटायचं.

पाऊस सरता सरता एक दिवस फर्डिनंड टेम्पो दारात उभा करून आत आला. गडी नेहमी थट्टेत बोलायचा. आज टोपी हातात होती. "हंसाबाय, धर्मा नाक्यावर टांगलाय."

"काय?"

"चल, बघ."

नाक्यावर विजेच्या दोन खांबांमध्ये साहेबांचा फ्लेक्स होता. पुढच्या शिबिराची जाहिरात. 'आपल्या आरोग्याचा आधार.' खाली माणसाएवढा फोटो. साहेबांचा हात, हातातली अंगठी, आणि धर्माची लाल जीभ. जिभेवर पांढरी गोळी.

हंसानं पदर खोचला. मग म्हणाली, "टेम्पो मागं घे. खांबाला लाव."

"उतरवतेस?"

"कोयता हाय ना तुझ्याकडं?"

टेम्पोच्या मागच्या फळीवर उभी राहून तिनं दोऱ्या कापल्या. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत. पानाच्या दुकानातून कुणीतरी हटकलं, "अगं, साहेबांचा फ्लेक्स आहे तो."

"साहेबांचा हात हाय. बाकी माझा नवरा हाय," हंसा म्हणाली आणि घडी घालून काखेत मारला.

घरी तिनं तो ओटीवर पसरला. प्रितेश कामावरून आला, पायातले बूट तसेच ठेवून त्याच्याकडे बघत बसला. अंगठी बघितली, गोळी बघितली. "मम्मी," तो म्हणाला.

"आता कशाला मम्मी? शिबिराच्या दिवशी रजा टाक. बापाला उचलायचंय."

शिबिर पुन्हा त्याच शाळेत लागलं. शाळेची गल्ली दोन वाड्यांच्या कुंपणांमधून जाते, एक गाडी जेमतेम मावते. साहेबांची गाडी आत गेल्यावर फर्डिनंडनं टेम्पो आणून गल्लीच्या तोंडाशी आडवा लावला. ड्रायव्हर धावत आला तर बोनेट उघडून आत बघत उभा. "गिअर पडत नाय. म्हातारा झालाय. डॉक्टर लोकं आलीत ना, त्यांना दाखवतो."

प्रितेश आणि खुशीनं धर्माला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं, मान पडू नये म्हणून हंसाच्या लुगड्याच्या पट्टीनं पाठीला बांधून. माणसं बाजूला झाली. कुणी हसलं नाही. टेबलामागं त्याच उन्नती मॅडम होत्या. धर्माला बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

हंसानं फ्लेक्स टेबलावर पसरला, औषधांच्या ट्रेवरूनच. त्यावर एकेक मांडत गेली. मशेरीची डबी. कप. ताट. वाटी. देव्हाऱ्यातली पणती. प्रत्येकात गोळी.

साहेब लगबगीनं आले. "आजी, हे काय चाललंय? बाजूला बोलू ना आपण. मी मदत करायला तयार आहे, माझा स्वभाव..."

"मदत नको. खुर्ची घ्या."

"म्हणजे?"

"घंटा होईल आता. ह्यांच्या गोळीची वेळ झालीय. भरवा."

"अहो, ते डॉक्टरांचं काम आहे. मी कसा भरवणार?"

"असे." हंसानं फोटोतल्या अंगठीवर बोट ठेवलं. "हाच हात. मॅडम वाचत होत्या, तुम्ही वाचू दिलं नाय. मी नको म्हनत होते, तुम्ही गावाला हसवलं. आज कोन हसत नाय. भरवा. फोटोवाला कुठं गेला? बोलवा त्याला पन."

चर्चची घंटा झाली. धर्माचं तोंड अर्धं उघडं होतं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळून पट्टीवर पडत होती. आता ते तोंड लाल नव्हतं. साहेबांनी एकदा लाळेकडे बघितलं, एकदा मागं गल्लीकडे. टेम्पो जागचा हलला नव्हता.

"कुठली द्यायची ते मला काय माहीत?" साहेब म्हणाले. आवाज खाली आला होता.

"त्या दिवशी माहीत होती?"

साहेबांनी आपल्या माणसांकडे बघितलं. त्यांच्या माणसांपैकी एक जण पुढे सरकला. त्याच्या वाटेत प्रितेश आडवा उभा राहिला.

"कुटायची कुठली, आख्खी कुठली?" हंसा म्हणाली. "आख्खी भरवलीत आनि घशात अडकली तर मरेल. एकावर एक चुकीची गेली तर परत डोक्यात रक्त फुटेल. मी दिली तर माझ्यावर ढकलाल. म्हनून आज तुम्ही द्या. घ्या उचलून."

साहेबांनी हात खिशात घातले. अंगठीसकट.

हंसा मॅडमकडे वळली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. हंसानं त्याची दखल घेतली नाही. त्या पाण्याचं ती काय करणार होती?

"मॅडम, इस्पितळात अजून विचारतात. परत तीच गोळी कुठून पोटात गेली तर हा माणूस वाचायचा नाय, म्हनून नाव द्या म्हनतात. आमच्या घरात कोनाला ठाऊक नाय. गावात ज्यांनी ज्यांनी गिळली त्यांना ठाऊक नाय. ठाऊक असलेली दोनच मानसं, आनि दोघंही माझ्यासमोर हायत."

"साहेब," मॅडम हळूच म्हणाल्या, "सांगू का?"

साहेबांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मॅडम थांबल्या.

हंसानं वाटी उचलून साहेबांच्या पोटाशी धरली. "गाडी जायची नाय. तुम्ही जायचे नाय. हा बसलाय, मी बसलेय, गाव बसलंय. दिवा लावायच्या वेळेला पातळची द्यायची हाय, तोवर वाट बघेन. त्या पुडीत काय होतं? ह्याच्या जिभेवर तुम्ही काय ठेवलंत? नाव सांगा."